वर्गाकडे पाठ

तास ३५ मिनिटांचा. पडद्यावर पहिलं चित्र उमटलं तेव्हा त्यातली ११ मिनिटं संपली होती. तेवढ्या वेळात मी केबल लावली, काढली, पुन्हा लावली, प्रोजेक्टर बंद करून सुरू केला, लॅपटॉपही बंद करून सुरू केला. चित्र आलं तशी हायसं वाटून मी वळले. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची एक मुलगी डोकं खाली घालून रडत होती. शेजारच्या दोघी गप्प होत्या. काय झालं विचारलं तर "काही नाही, बाई" एवढंच म्हणाली. काय झालं होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

फळ्यावर लिहितानाही पाठ वळतेच. पण दोन ओळी झाल्या की मान आपोआप मागे जाते. २२ वर्षं विज्ञान आणि गणित शिकवताना ही सवय अंगात मुरली होती. कोण खिडकीबाहेर बघतोय, कोणाचं पेन थांबलंय, कोणाला कळलं नाही पण विचारायचं धाडस होत नाही, हे सगळं त्या मान वळवण्यात टिपलं जायचं. यंत्रासमोर उभी राहिले आणि ती सवय सुटली. ती परत मिळवायला मला पुढची दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांबद्दल हे लिहिते आहे.

त्या दिवशी संध्याकाळी टाचणवहीच्या शेवटच्या पानावर मी एक नोंद सुरू केली: आज यंत्राने किती मिनिटं घेतली. पहिल्या महिन्यात प्रोजेक्टर लावलेले १४ तास झाले. त्यातल्या पाचच तासांना चित्र तीन मिनिटांच्या आत आलं. बाकीच्या वेळांची कारणं वाचताना लक्षात आलं, की खरा बिघाड त्यात एकदाच होता. एकदा लॅपटॉप चित्र दुसऱ्या पडद्यावर पाठवतच नव्हता, कारण आदल्या दिवशी कोणीतरी ती सेटिंग बदलली होती. विंडोजची खूण असलेली कळ आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबली की चार पर्याय येतात आणि काम दहा सेकंदांत होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोनदा लॅपटॉप उघडताच अपडेट सुरू झालं. एकदा आवाज स्पीकरमधून यायच्या ऐवजी प्रोजेक्टरच्या बारीक स्पीकरमधून येत होता आणि तो पुढच्या दोन बाकांच्या पलीकडे पोचत नव्हता. ही सगळी कामं मुलं वर्गात यायच्या आधी उरकता येण्यासारखी. पण दोन तासांच्या मध्ये शिक्षकाला मोकळा वेळ कुठे असतो? एका वर्गातून निघून दुसऱ्यात पोचेपर्यंत घंटा झालेली असते. वेळापत्रक आखताना यंत्र लावायला लागणारी पाच मिनिटं कोणी धरत नाही. ती शेवटी मुलांच्याच तासातून कापली जातात.

त्या एका खऱ्या बिघाडाची गोष्ट सांगायलाच हवी. प्रोजेक्टर वीस-पंचवीस मिनिटं चालायचा आणि मग आपोआप बंद पडायचा. दिवा गेला असेल असं सगळ्यांचं मत पडलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने बाजूची जाळी काढून माझ्या हातात दिली. ती खडूच्या भुकटीने पांढरी झाली होती. हवा आत जात नव्हती, यंत्र तापत होतं आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होत होतं. फळा आणि प्रोजेक्टर एकाच भिंतीपाशी ठेवले तर असं होणारच. ज्याने तो तिथे बसवला त्याने बहुधा वर्गात कधी खडू हातात धरला नसावा. तेव्हापासून मी फळा ओल्या फडक्याने पुसते आणि आठवड्यातून एकदा ती जाळी झटकते.

दुसरी अडचण उजेडाची. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मी पडदे ओढायचे, दिवे मालवायचे. मग वह्या दिसेनाशा व्हायच्या. मुलांचे चेहरेही दिसेनासे व्हायचे, आणि माझ्या दृष्टीने ते जास्त वाईट होतं. नंतर कळलं, प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावर आपल्याला जो काळा दिसतो तो म्हणजे खोलीत आधीपासून असलेला उजेड. त्यामुळे उजेडी खोलीत गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं धुऊन निघतात आणि पांढऱ्यावरची काळी बऱ्यापैकी टिकतात. मी सगळ्या स्लाइडचे रंग उलटे करून घेतले, अक्षरं दुप्पट मोठी केली आणि दिवे चालू ठेवले. चित्र थोडं फिकं झालं, पण वर्ग मला दिसू लागला.

याच सुमारास घरी टाइप केलेला एक अख्खा पाठ शाळेच्या संगणकावर उघडला आणि पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा खच दिसला. पाठ जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता आणि तो फाँट त्या संगणकावर नव्हता. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठी ठरवलेले सामायिक संकेत, आणि देवनागरी त्याच्या अगदी पहिल्या, १९९१ च्या आवृत्तीपासून त्यात आहे. तरीही आपल्यापैकी किती जणांचं वर्षानुवर्षांचं काम अजून जुन्या फाँटमध्ये अडकलेलं असेल! मी एका सुटीत माझ्या सगळ्या फाइल युनिकोडमध्ये आणल्या. कंटाळवाणं काम, पण एकदाच करावं लागलं.

प्रशिक्षण झालं होतं. दोन दिवसांचं. कुठलं बटण कशासाठी आणि फाइल कुठे ठेवायची हे आम्हाला शिकवलं गेलं. अपूर्णांक शिकवताना पडदा कधी लावायचा आणि कधी मुद्दाम बंद ठेवायचा, यावर त्या दोन दिवसांत एक वाक्यही आलं नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेली एक चौकट मला नंतर वाचायला मिळाली. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान ही तीन वर्तुळं, आणि शिक्षकाचं खरं कसब ती तिन्ही एकमेकांवर येतात तिथे. आम्हाला फक्त तिसरं वर्तुळ दिलं गेलं होतं, तेही सुटं. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. शिक्षक नवीन गोष्टींना घाबरतात, असं फार सहज म्हटलं जातं. मी पाहिलेले शिक्षक यंत्राला घाबरत नव्हते. ४० मुलांसमोर तास वाया जाईल याची त्यांना भीती होती, आणि ही भीती असलेला शिक्षक माझ्या मते चांगला शिक्षक असतो.

स्लाइड तयार करण्यात मी एक मोठी चूक केली. पाठ्यपुस्तकातली वाक्यंच पडद्यावर टाकली आणि तीच मोठ्याने वाचून दाखवली. डोळ्यांनाही तेच, कानांनाही तेच, म्हणजे दुप्पट पक्कं होईल अशी माझी समजूत. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने याच प्रश्नावर अनेक वर्षं प्रयोग केले आहेत आणि त्यांचा निष्कर्ष उलटा आहे. चित्र आणि बोलणं यांची जोडी चांगली लागते. त्यात बोलण्यातलेच शब्द पुन्हा लिहून दाखवले की लक्ष फुटतं. मला ते वर्गात दिसतच होतं. मुलं माझ्या आधी वाक्य वाचून संपवायची आणि मग मी थांबण्याची वाट बघायची.

त्याहून खोल नुकसान आकृत्यांचं झालं. डोळ्याची आकृती मी फळ्यावर काढते तेव्हा आधी गोल, मग पुढचा फुगवटा, मग भिंग, मग मागचा पडदा अशी ती वाढत जाते आणि मुलांच्या वहीतही त्याच क्रमाने वाढते. स्लाइडवर ती एका क्षणात पूर्ण अवतरली. मुलांनी वरून खाली, कुठूनही उतरवायला सुरुवात केली, आणि नेत्रभिंग कशाच्या मागे आहे हे अर्ध्याजणांच्या ध्यानातच आलं नाही. खडूचा हात जो वेळ घेतो तो समजण्याचा वेळ असतो, हे मला २२ वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, कारण तो वेळ कोणी काढूनच घेतला नव्हता. आता डोळा मी हाताने काढते. पडदा लावते तो उजेडाचे किरण भिंगातून वळताना दाखवायला, कारण ती हालचाल फळ्याला जमत नाही.

टॅब्लेट आले तेव्हा नवं काहीतरी सुरू झालं असं वाटलं. पहिल्या तासाला वीस टॅब्लेट एकाच वेळी वायफायवर गेले आणि सगळ्यांवर तेच गोल फिरत राहिलं. एका राउटरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. जे एका यंत्रावर झरझर चालतं ते विसांवर रांगतं. मग जे उतरवून ठेवता येईल ते आदल्या दिवशी उतरवून ठेवायला लागले. पासवर्डचं दुखणं वेगळं. मुलं विसरायची, चुकवायची, कोणाचं कॅपिटल अक्षराचं बटण दाबलेलं राहायचं. मी प्रत्येक जोडीसाठी एक कार्ड करून पेटीत ठेवलं आणि त्यावर विचार करणं सोडून दिलं.

एका गोष्टीवर मात्र विचार करत राहिले. एक मोफत ॲप मला फार आवडलं होतं. खातं उघडताना त्याने प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि फोटो मागितला. अपूर्णांकांच्या सरावाला फोटो कशाला? अशा अनेक सेवांच्या अटींमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांनी स्वतः खातं उघडू नये असं लिहिलेलं असतं आणि माझी बरीच मुलं त्याखालची होती. ती माहिती देणं माझ्या हातात होतं आणि पालकांना ते कधी कळलंही नसतं. म्हणूनच मी ते ॲप वापरलं नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने शिक्षणातल्या तंत्रज्ञानाबद्दल हाच प्रश्न मध्यभागी ठेवला आहे: हे साधन कोणाच्या अटींवर वापरलं जातंय?

आता त्या पाठाबद्दल, ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. विद्युत परिपथ.

टॅब्लेटवर सर्किट जुळवायचं एक सिम्युलेशन होतं. बोटाने घट (सेल) ओढायचा, तारा ओढायच्या, बल्ब ठेवायचा आणि जोडणी बरोबर झाली की बल्ब पेटतो, तारेतून निळे ठिपके पळू लागतात. मुलं रमली. तासाच्या शेवटी प्रत्येक जोडीचा बल्ब पेटलेला होता, कोणी तर तीन-तीन बल्ब समांतर जोडणीत लावले होते. मी खूश होते. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून खरे घट, तारा आणि विजेरीचे छोटे बल्ब बाकांवर ठेवले. २१ जोड्यांपैकी सहा जोड्यांना बल्ब पेटवता आला.

मी बाकांमधून फिरले आणि या वेळी फक्त त्यांचे हात बघितले. बहुतेकांनी दोन्ही तारा बल्बच्या बुडाच्या टोकाला लावल्या होत्या. बल्बला दोन जोडबिंदू असतात, एक बुडाशी आणि एक बाजूच्या आट्यांच्या धातूला, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पडद्यावरच्या बल्बला त्या दोन जागी छोटे गोल दाखवलेले होते. तार जवळ नेली की ती गोलाला चिकटायची. कुठे जोडायचं हा निर्णय मुलांना कधी घ्यावाच लागला नव्हता. शिवाय एकाने विचारलं, "बाई, तारेतले ठिपके इतके जोरात पळतात तर तार हलत कशी नाही?" तारेतले इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात मुंगीपेक्षाही कितीतरी हळू सरकतात. दिवा लगेच लागतो, कारण तार पूर्ण इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेली असते आणि ते सगळे एकदमच सरकू लागतात. चित्र समजावण्यासाठी केलेलं होतं, पण ते तसं आहे हे मी सांगितलं नव्हतं.

मी सिम्युलेशन सोडूनच देणार होते. पण मग एक अभ्यास वाचनात आला आणि मी थांबले. कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतल्या खऱ्या साहित्याऐवजी सर्किटचं सिम्युलेशन वापरलं, आणि नंतर खरं सर्किट जुळवण्यात व त्याचं स्पष्टीकरण देण्यात तेच विद्यार्थी पुढे राहिले. माझ्या वर्गात जे घडलं त्याच्या नेमकं उलट! दोन दिवस हा पेच डोक्यात होता. ते विद्यार्थी विद्यापीठातले होते, बल्ब म्हणजे काय हे त्यांनी कधी ना कधी हातात घेऊन पाहिलं असणार. शिवाय त्यांच्यासमोर नेमके प्रश्न होते आणि प्रत्येक पायरीला काय पाहायचं ते ठरलेलं होतं. मी मुलांना टॅब्लेट दिले आणि "करून बघा" म्हटलं. सिम्युलेशन वाईट नव्हतं. त्याच्या आधी आणि नंतर जे माझं काम होतं ते मी केलं नव्हतं.

प्रश्नमंजुषेचंही असंच काहीसं. टॅब्लेटवर प्रश्न, घड्याळाची उलटी मोजणी, पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, पडद्यावर वरच्या पाच जणांची नावं. वर्ग नुसता दणाणून जायचा. चौथ्या वेळी एक मुलगा, जो मुळात सावकाश वाचतो पण अचूक विचार करतो, टॅब्लेट पालथा ठेवून बसला. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "माझं वाचून होईपर्यंत वेळ संपते." त्याचं उत्तर मी तोंडी विचारलं. बरोबर होतं. त्या दिवसापासून घड्याळ आणि नावांची यादी मी कायमची बंद केली.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मेझूर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक पद्धत वापरत आले आहेत. एक संकल्पनेचा प्रश्न, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. ती मी उचलली. टॅब्लेटऐवजी प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड दिलं, चौकोनी ठिपक्यांचं. ते ज्या बाजूने उभं धरलं त्यावर अ, ब, क की ड ते ठरतं, आणि माझा फोन सगळ्या वर्गावरून फिरवला की उत्तरं नोंदवली जातात. प्रत्येक कार्डावरची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. मुलांकडे यंत्र नाही, चार्जिंग नाही, पासवर्ड नाही. आणि फोन फिरवायचा म्हणजे मला वर्गाकडे तोंड करूनच उभं राहावं लागतं. मला हे साधन आवडतं त्याचं अर्धं कारण हेच आहे.

घरच्या अभ्यासाचं एकदा बोलून पुढे जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर काही महिन्यांत निबंधवजा उत्तरं एकाच साच्यातली येऊ लागली. पकडण्याच्या मागे मी लागले नाही. ती उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घेतली आणि प्रत्येक वाक्याला "हे तुला कसं माहीत?" एवढंच विचारलं. लिहिलेलं कमी झालं, बोलणं वाढलं. यावर माझ्याकडे याहून पक्कं उत्तर नाही.

पुढच्या वर्षी परिपथाचा पाठ पुन्हा आला. या वेळी पहिल्या तासाला टॅब्लेट कपाटातच ठेवले. प्रत्येक जोडीला एक घट, एक बल्ब आणि एकच तार. दोन नाही, एकच. पेटवा. पंचवीस मिनिटं लागली, खूप भांडणं झाली, आणि मी पूर्ण वेळ त्यांच्यामध्ये फिरत होते. एका मुलीने बल्बचं बूड थेट घटाच्या टोकावर टेकवलं आणि तार आट्यांना लावली. तिचा बल्ब लागल्यावर शेजारच्या बाकांनी बघून घेतलं, मला काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या तासाला टॅब्लेट काढले. आता पडद्यावरच्या बल्बचे ते दोन गोल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. चार बल्ब, दोन घट, एकसर, समांतर, जे खऱ्या साहित्यात अर्धा दिवस खाईल ते पंधरा मिनिटांत करून झालं. ठिपक्यांचा वेग खोटा आहे हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या तासाला बाकावर दोन्ही होतं, खरं सर्किट आणि टॅब्लेटवरचं तसंच सर्किट. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत होता. मग हात वर केला.

"बाई, आमचा बल्ब कालपेक्षा मंद झालाय. टॅब्लेटवरचा कधीच मंद होत नाही."

मी मल्टीमीटर आणला. बल्ब पेटलेला असताना त्यांच्या घटाच्या दोन टोकांमधला विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, मोजला, मग नव्या घटाचा मोजला. फरक होता. बल्ब काढून पुन्हा मोजला तेव्हा जुन्या घटाचा आकडा बराच वर गेला. का, असं त्यानेच विचारलं. घटाच्या आतसुद्धा रोध, म्हणजे विजेच्या वाहण्याला अडथळा, असतो आणि घट वापरला जातो तसा तो वाढतो, एवढं मी सांगितलं. तो टॅब्लेटकडे वळला, घटाच्या सेटिंगमध्ये शिरला आणि अंतर्गत रोधाची पट्टी शून्यावर असलेली त्याला सापडली. त्याने ती हळूहळू सरकवली. पडद्यावरचा बल्ब मंद होत गेला. "थांब, थांब, अजून थोडा," शेजारचा म्हणाला, आणि दोघं खऱ्या बल्बकडे बघत ती पट्टी सरकवत राहिले. घंटा झाली तरी ते उठले नाहीत.